अतिरेकी संघटनेचा पक्ष कसा होतो? मिझोराम जवळून पाहिलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मिझोरामचे बंडखोर नेते लालडेंगा यांनी 1966 साली भारतापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, वीस वर्षं लष्कराशी लढले, आणि तेच लालडेंगा 1986 ला मुख्यमंत्री झाले, वर त्यांचा पक्ष नंतरही निवडून येत राहिला. मग लोक काय घाबरून मतं देतात का? आणि एकाला जमतं तर बाकीच्यांना का जमत नाही?

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्यावर कुठे भरवसा ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी गुवाहाटीत राहून वीसेक वर्षं ईशान्येच्या बातम्या केल्या. 1986 ला लालडेंगांचा भारत सरकारशी मिझो करार झाला तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळे तो भाग ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ऐकलेला आणि कागदांतून वाचलेला. 1998 ची निवडणूक आणि त्यापुढचं मात्र स्वतः फिरून पाहिलंय. नेपाळलाही 2007-08 मध्ये दोन चकरा झाल्या. लष्करी डावपेचातलं मला काही कळत नाही, ते कुणा फौजी माणसाला विचारा.

आता ते "घाबरून" आधी बघू, कारण पुण्या-मुंबईचा प्रत्येक माणूस मला हेच विचारतो. घाबरून मतं मिळत असती तर सगळ्यात जास्त मतं कधी मिळायला हवी होती? जंगलातून बाहेर आल्याबरोबर, जेव्हा लोकांच्या डोळ्यासमोर बंदुका ताज्या होत्या तेव्हा, बरोबर? फेब्रुवारी 1987 ला मिझो नॅशनल फ्रंटला, म्हणजे एमएनएफला, 40 पैकी 24 जागा मिळाल्या हे खरं. पण दोनच वर्षांनी, जानेवारी 1989 ला, तेच लोक त्यांना 14 वर आणून ठेवतात आणि काँग्रेसला निवडून देतात. घाबरलेला माणूस असं करत नाही. आणि 1998 ला ते परत आले तेव्हा पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांनी तर एमएनएफची बंदूक पाहिलेलीच नव्हती. भीती शून्य होती असं मी म्हणत नाही हं. 1987 च्या मतामध्ये "यांना हरवलं तर परत जंगलात जातील की काय" ही धाकधूक होतीच, म्हाताऱ्या लोकांनी मला तसं उघड सांगितलंय. पण एवढ्यावर पक्ष चालत नाही, फार तर एक निवडणूक निघते.

खरा प्रश्न माझ्या मते वेगळा आहे. पक्ष चालवायला जे लागतं, म्हणजे गावोगावची माणसं, पैसा गोळा करायची सवय, भांडण मिटवायची ताकद, ते त्या संघटनेकडे बंदुकीच्या आधीपासून होतं का, आणि बंदूक ठेवल्यावर ते शिल्लक राहिलं का? हे बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

एमएनएफचा जन्म बंदुकीतून झालेला नाही, उंदरातून झालाय. हसू नका. मिझोरामच्या डोंगरात एका जातीच्या बांबूला साधारण 48 वर्षांनी एकदम सगळीकडे फुलोरा येतो, मग त्याला बी धरतं, ते खाऊन उंदरांची पैदास बेसुमार वाढते आणि बी संपलं की ते उंदीर शेतातल्या भातावर येतात. रातोरात शेतं साफ. याला मिझो भाषेत माउताम म्हणतात. 1959 ला माउताम आला तेव्हा हा भाग आसामचा एक जिल्हा होता, मिझो पुढाऱ्यांनी आधीपासून इशारा देऊनही आसाम सरकारने तो नीट मनावर घेतला नाही आणि मदत आली ती उशिरा आणि तुटपुंजी. त्या वेळी लालडेंगा जिल्हा परिषदेत हिशेबनीस होते, त्याआधी फौजेत हवालदार. म्हणजे आकडेमोड आणि शिस्त दोन्ही ठाऊक असलेला माणूस, यात सगळं आलं. त्यांनी आणि बरोबरच्या लोकांनी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट काढला, तरुण पोरं पाठीवर तांदळाची पोती घेऊन डोंगर चढून गावागावात पोचवायची. ऑक्टोबर 1961 मध्ये नावातला "फॅमिन" गळाला आणि राजकीय संघटना उभी राहिली. 1963 च्या गाव परिषदांच्या निवडणुकाही त्यांनी लढवल्या, जागा जिंकल्या. पक्ष आधी, बंदूक नंतर, हा क्रम लक्षात ठेवा कारण बहुतेक लोक तो उलटा धरतात.

मग 28 फेब्रुवारी 1966 च्या रात्री त्यांनी ऐझॉल, लुंगलेई, चंफाई असं एकाच वेळी सरकारी ठाण्यांवर हल्ला चढवला, लुंगलेईचा खजिना लुटला, स्वातंत्र्य जाहीर केलं. 5 मार्चला भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला, आपल्याच देशातल्या आपल्याच गावावर. महाराष्ट्रात हे सांगितलं की अजूनही लोक "काहीतरीच काय" म्हणतात. पुढच्या वर्षीपासून "ग्रुपिंग" सुरू झालं. म्हणजे पाचशेच्या वर गावं उठवून, घरं जाळून, लोकांना रस्त्याकडेच्या शंभरेक वस्त्यांमध्ये लष्कराच्या नजरेखाली आणून बसवलं, उद्देश हा की जंगलातल्या पोरांना भात मिळू नये. लष्करी दृष्टीने ते कितपत जमलं हे मी सांगणार नाही, राजकीय दृष्टीने त्याने काय केलं ते सांगतो. एमएनएफला विरोध करणारे मिझो बरेच होते, मिझो युनियन हा मोठा पक्ष उघडपणे त्यांच्या विरोधात होता. ग्रुपिंगमध्ये त्यांचंही घर जळलं.

आणि एमएनएफवाले काही संत नव्हते. त्यांनी मिझो माणसंही मारली, खंडण्या घेतल्या. जानेवारी 1975 मध्ये ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात घुसून तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना मारलं. हे विसरून नुसती हळवी गोष्ट सांगणारे लोक मला आवडत नाहीत, ते दोन्ही बाजूंना भेटतात.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. 1998 च्या निवडणुकीत चंफाईच्या बाजूला एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडे मुक्काम होता. साठीच्या पुढचा माणूस, जंगलात दहा-बारा वर्षं काढलेली, चुलीशी बसून मतदारयादीवर पेन्सिलने खुणा करत होता. मी विचारलं हे कसं करता तर आत जाऊन त्याने एक वही आणली. जुनी वही, कडा वाळवीने खाल्लेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. पानापानावर गावाचं नाव, खाली घरमालकांची नावं आणि पुढे जंगलातल्या पोरांसाठी किती डबे तांदूळ दिला त्याच्या उभ्या रेघा. काही नावांपुढे गोल. मी विचारलं गोल म्हणजे काय, तर म्हणाला, यांच्याकडून घ्यायचं नाही, घरात विधवा किंवा आजारी माणूस. आणि एका नावापुढे फुली होती, त्याबद्दल विचारलं तर त्याने पान उलटलं.

मग त्याने मतदारयादी वहीच्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, तीच घरं आहेत, आता पोरांची नावं आहेत एवढंच.

त्या रात्री मला जेवढं कळलं तेवढं नंतर सेमिनारांमध्ये कळलं नाही. आपण इकडे निवडणुकीत "पन्नाप्रमुख" वगैरे जे करतो, म्हणजे यादीच्या एका पानामागे एक माणूस, ते या लोकांनी तांदळाच्या डब्यांवर वर्षानुवर्षं केलेलं होतं. कुठल्या घरात किती तोंडं आहेत, कोण कुणाशी बोलत नाही, कोणाकडे मागायचं आणि कोणाला वगळायचं, हे त्यांना पाठ. भूमिगत संघटना टिकते याच माहितीवर आणि निवडणूक जिंकली जाते तीही याच माहितीवर. मी ती स्टोरी लिहून पाठवली तर डेस्कवरच्या साहेबांनी वहीचा सगळा भाग कापून "माजी अतिरेकी मतांसाठी दारोदार" असं हेडिंग मारलं. असो.

तर संघटना होती. पण एवढ्याने सत्ता मिळत नाही, समोरच्याने दार उघडावं लागतं आणि तेही योग्य वेळी. इथे नशिबाचा आणि माणसांचा भाग फार मोठा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय उत्तर अपुरं राहील.

1971 च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातला त्यांचा आसरा गेला. तळ चितगावच्या डोंगरात होते, बांगलादेश झाल्यावर तिथून पळून ब्रह्मदेशात जावं लागलं. 1972 ला मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला, विधानसभा आली, म्हणजे ज्यांना राजकारण करायचं होतं त्यांना दुसरी वाट मिळाली. लालडेंगा स्वतः पाकिस्तान, मग युरोप, 1976 ला दिल्लीत बोलणी, ती फिसकटली, परत बोलणी, परत फिसकटली, 1982 ला लंडनला. ऑक्टोबर 1984 च्या शेवटी ते दिल्लीत परत आले आणि इंदिरा गांधींशी त्यांची भेट ठरली होती 31 ऑक्टोबरला. त्या दिवशी सकाळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. दुसरी एखादी संघटना असती तर तिथेच सगळं गुंडाळलं गेलं असतं. पण तोपर्यंत दोन्ही बाजू इतक्या थकल्या होत्या आणि मिझोराममधली चर्च मंडळं, तरुणांच्या संघटना आणि सगळे पक्ष मिळून "आता पुरे" असा दबाव इतका आणत होते की राजीव गांधींनी धागा परत उचलला.

इथे एक मराठी माणूस येतो. केंद्रीय गृहसचिव राम प्रधान, महाराष्ट्र केडरचे आयएएस, पूर्वी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते. 30 जून 1986 हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि मिझो करारावर भारत सरकारतर्फे त्यांची सही आहे ती त्याच संध्याकाळची. बाकी दोन सह्या लालडेंगा आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांच्या. सरकारी नोकरी केलेल्यांना विचारा, निवृत्तीच्या दिवशी माणूस ड्रॉवर रिकामा करतो, हार घालून घेतो आणि घरी जातो.

करारात काय होतं? एमएनएफने शस्त्रं ठेवायची, भारताच्या संविधानात राहायचं. बदल्यात पूर्ण राज्याचा दर्जा, मिझो रूढी, जमिनीची मालकी, धर्म आणि कायदा यावर विधानसभेच्या संमतीशिवाय संसदेचा कायदा लागू होणार नाही (हे पुढे 53व्या घटनादुरुस्तीने कलम 371 जी म्हणून आलं), आणि जंगलातून येणाऱ्यांचं पुनर्वसन. स्वातंत्र्य नाही मिळालं, पण "आम्ही रिकाम्या हाताने आलो नाही" असं गावात तोंड वर करून सांगता येईल एवढं मिळालं. पोरांना घरी जाऊन आईला काय सांगायचं ते तयार पाहिजे, नाहीतर ती अर्ध्या वाटेतून परत फिरतात.

पण कराराच्या कागदापेक्षा मला जास्त मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तेव्हा मिझोरामचे मुख्यमंत्री होते काँग्रेसचे लाल थनहावला. रीतसर निवडून आलेले. ते खुर्चीवरून उठले, लालडेंगांना मुख्यमंत्री होऊ दिलं आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. ऑगस्ट 1986. आपल्याकडे सरपंच खाली उतरत नाही हो! बाकीच्या राज्यांतल्या बोलण्यांमध्ये मी अनेकदा पाहिलंय की कराराचा मसुदा तयार असतो, सगळं ठरलेलं असतं आणि गाडी अडते ती इथे, की आत येणाऱ्याला बसवायचं कुठे. जंगलात जो स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवून घेत होता त्याला तुम्ही एखाद्या महामंडळाचं अध्यक्षपद दाखवलंत तर तो येत नाही, आणि आला तरी त्याच्यामागची पोरं त्याला मानत नाहीत.

फेब्रुवारी 1987 ला निवडणूक झाली, पक्ष म्हणून नोंदणी नव्हती त्यामुळे त्यांचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या कागदावर चक्क अपक्ष आहेत. 20 फेब्रुवारीला मिझोराम 23वं राज्य झालं. गोष्ट इथे संपवली की छान वाटते. मी संपवत नाही, कारण माझ्या मते एमएनएफ खऱ्या अर्थाने पक्ष झाला तो यानंतर, हरल्यावर.

1988 मध्ये लालडेंगांचे आमदार फुटले. जंगलात फुटलेल्याचं काय करायचं हे संघटनेला माहीत होतं, विधानसभेत फुटलेल्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. वीस वर्षं हुकूम देऊन आणि हुकूम ऐकून काम केलेली माणसं, त्यांना आमदाराचा रुसवा काढणं, कंत्राट कुणाला, शाळेची मान्यता कुणाला असली कामं जमेनात. सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट, जानेवारी 1989 ला पराभव, आणि जुलै 1990 ला लालडेंगा लंडनमध्ये वारले. म्हणजे नेता गेला, सत्ता गेली, पैसा नाही. त्या वेळी जंगलात परत जायचं कारण हवं असतं तर भरपूर होतं. ते गेले नाहीत. झोरामथांगा, जे लालडेंगांचे सचिव म्हणून जंगलात आणि परदेशात त्यांच्याबरोबर होते, त्यांनी पक्ष हातात घेतला आणि जवळजवळ दहा वर्षं विरोधात बसले. माझा तो वहीवाला म्हातारा याच काळाबद्दल बोलताना सगळ्यात जास्त वैतागायचा. म्हणायचा, जंगलात भूक लागायची पण मान होता, विरोधी पक्षात भूकही आणि वर सरकारी कारकून बसायलाही सांगत नाही. पण हेच दहा वर्षं त्यांना रेशनकार्ड, पाणी, रस्ता या भानगडी शिकवून गेले. 1998 ला 21 जागा, 2003 ला परत 21.

इथवरचं थोडक्यात, कारण मी फार पसरलोय: बंदुकीच्या आधीची संघटना, सगळ्या समाजाने भोगलेलं एक दुखणं, थकलेल्या दोन्ही बाजू, घरी सांगण्यासारखा करार, नेत्याला बसायला खुर्ची, आणि हरल्यावर परत बंदूक न उचलणं. यातलं शेवटचं कुठल्याही करारात लिहून घेता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बाकीच्यांना का जमत नाही. इथे "परिस्थितीवर अवलंबून" हे पळवाटीचं वाक्य वाटेल पण खरंच तसं आहे, दोन-तीन उदाहरणं देतो.

शेजारच्या त्रिपुरात बिजॉय ह्रांगखॉल यांची टीएनव्ही, आदिवासींची सशस्त्र संघटना. करार ऑगस्ट 1988, म्हणजे मिझो करारानंतर दोनच वर्षांनी, दिल्लीत तेच सरकार. तेही बाहेर आले, पक्ष काढला, ह्रांगखॉल आमदार झाले, पण राज्य हातात कधी आलं नाही. कारण सरळ गणित आहे. मिझोराममध्ये मिझो बहुसंख्य, त्रिपुरात फाळणीनंतर आलेल्या बंगाली लोकसंख्येमुळे आदिवासी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरले. तुमची सगळी माणसं एकदिलाने तुमच्या मागे उभी राहिली तरी बेरीज पुरत नाही. मग सत्तेसाठी कुणाच्या तरी शेपटाला लागावं लागतं, आणि शेपटाला लागलेला पक्ष मोठा होत नाही.

आसामात बोडो आदिवासींचं तिसरंच. त्यांच्यातल्या बीएलटी या सशस्त्र गटाने फेब्रुवारी 2003 ला करार केला, त्यांना अख्खं राज्य नाही, एक स्वायत्त परिषद मिळाली, कोक्राझारला. हाग्रामा मोहिलारी तिचे प्रमुख झाले, पुढे बीपीएफ पक्ष काढला, गुवाहाटीत काँग्रेसच्या सरकारमध्ये मंत्रिपदं मिळवली, परिषदेवर 2020 पर्यंत राज्य केलं आणि 2025 च्या निवडणुकीत 40 पैकी 28 जागा घेऊन परत आले. म्हणजे अख्ख्या राज्यात बहुमत नसलं तरी जिथे तुमचा जोर आहे तेवढाच तुकडा आखून मिळाला तर जमतं. पण त्याच बोडोंमध्ये दुसरा गट, एनडीएफबी, बाहेर राहिला आणि त्याचा शेवटचा करार व्हायला 2020 उजाडलं, आणि मधल्या वर्षांत तिथे काय काय रक्त सांडलं ते मी कव्हर केलंय, त्याबद्दल परत कधीतरी. मिझोराममध्ये बंदूक घेतलेली आणि सरकारशी बोलणारी एकच मोठी संघटना होती हे नशीब. नागांमध्ये 1975 चा शिलाँग करार झाला तो काहींना मान्य, काहींना नाही, आणि न मान्य असलेल्यांनी 1980 ला एनएससीएन ही नवी सशस्त्र संघटना काढली, तिचेही पुढे तुकडे झाले. आजपर्यंत चाललंय.

नेपाळचं मुद्दाम सांगतो कारण तुमच्या भीतीच्या मुद्द्याला तिथे जास्त वजन आहे. माओवाद्यांनी फेब्रुवारी 1996 ला युद्ध सुरू केलं, नोव्हेंबर 2006 ला शांतता करार. करारानंतर माओवादी लढवय्यांना ठेवलं होतं ती छावणी बघायला गेलो तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते शस्त्रांच्या कंटेनरचं. लोखंडी मालवाहू कंटेनर, आत रायफली मांडून ठेवलेल्या, बाहेर दिवा, सायरन, कॅमेरा, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक रात्रंदिवस तिथे, आणि कुलपाची किल्ली? ती माओवाद्यांच्याच कमांडरकडे. मी तिथल्या एका पोराला विचारलं, मग हे कुलूप कशाला? तो म्हणाला, उघडलं तर वाजतं ना. एवढंच. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं, नंतर कळलं की अख्खी प्रक्रिया त्या किल्लीवर उभी होती. शरण आलो असं म्हणावं लागत नव्हतं आणि शस्त्रं मात्र आत होती. छावण्यांत पडताळणी होऊन लढवय्ये ठरले 19,602 आणि नोंदलेली शस्त्रं 3,475. आकडे शेजारी ठेवून बघा, पाच-सहा माणसांमागे एक बंदूक. बाकीची माणसं काय करत होती? तेच, माझ्या म्हाताऱ्याच्या वहीचं काम.

एप्रिल 2008 ला संविधान सभेच्या निवडणुकीत ते 575 पैकी 220 जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष ठरले आणि त्यांचे नेते "प्रचंड" पंतप्रधान झाले. तिथे त्यांच्या युवक संघटनेने गावोगाव दमदाटी केली हे खरं आहे, लोक मला कुजबुजून सांगायचे. पण त्याच वेळी डोंगरातल्या बायका, दलित, जनजातीचे लोक जे त्याआधी कुठल्याच पक्षाच्या मांडवात नव्हते ते रांगा लावून मत देत होते तेही खरं. दोन्ही एकाच बूथवर. मग 2013 ला तोच पक्ष 80 वर आला. भीतीचा माल फार दिवस टिकत नाही, आणि 2008 ला जी आशा होती ती काठमांडूच्या बंगल्यात गेल्यावर विटली. प्रचंड पुढे आणखी दोनदा पंतप्रधान झाले पण ते आघाड्यांच्या बेरीज-वजाबाकीवर.

तुम्ही असल्या एखाद्या संघटनेबद्दल वाचत असाल आणि तिचा पक्ष होईल का असा अंदाज बांधायचा असेल, तर माझी सवय सांगतो. मी त्यांच्या नेत्याची भाषणं वाचत बसत नाही. मी गावात जाऊन विचारतो की दोन भावांचं जमिनीचं भांडण झालं तर कुणाकडे नेता? तहसीलदाराकडे म्हणाले तर संघटनेकडे फक्त बंदूक आहे. "त्यांच्या माणसाकडे" म्हणाले आणि ते म्हणताना आवाज खाली गेला नाही, तर तिथे पक्ष आधीच आहे. आवाज खाली गेला तर मात्र सावध व्हायचं. ही काही शास्त्रीय पद्धत नाही, दोनदा माझा अंदाज सपशेल चुकलाही आहे.

शेवटी एमएनएफचं पुढे काय झालं ते, कारण ते कुणी सांगत नाही. 48 वर्षांचं चक्र, 1959 नंतर माउताम परत येणार होता 2007 च्या आसपास. तो आला तेव्हा सत्तेवर कोण होतं? एमएनएफ. ज्या संघटनेचा जन्मच आसाम सरकारने दुष्काळाकडे डोळेझाक केली म्हणून झाला तिच्याच सरकारवर तो दुष्काळ आला. त्यांनी तयारी केली होती, बरीच आधीपासून, बांबू फुलोऱ्यासाठी वेगळी योजना केली, आणि उंदीर मारायला प्रोत्साहन म्हणून एका शेपटीला दोन रुपये द्यायला सुरुवात केली. मी एका सरकारी ऑफिसात ते मोजकाम पाहिलंय. शेतकरी पिशवीतून वाळलेल्या शेपट्यांच्या जुड्या काढतायत, रबरबँड लावलेल्या, कारकून नाकाला रुमाल लावून मोजतोय, रजिस्टरमध्ये नाव आणि पुढे आकडा. लोकांनी लाखांनी शेपट्या आणून दिल्या. तरी भात गेलाच. रांगेतला एक माणूस मला म्हणाला, माझ्या बापाला यांच्याच पोरांनी पाठीवरून तांदूळ आणून दिला होता, आता हे मला शेपट्या मोजायला लावतायत.

डिसेंबर 2008 ला एमएनएफला 40 पैकी 3 जागा मिळाल्या, झोरामथांगा स्वतः पडले. उंदीर हे एकच कारण नव्हतं, दहा वर्षांच्या सत्तेत जे जे साचतं ते सगळं साचलं होतं, कंत्राटं, नातेवाईक, बंगले. 2013 ला 5. आणि 2018 ला परत 26, झोरामथांगा परत मुख्यमंत्री! 2023 ला परत आपटी, 10 जागा, झोरामथांगांची स्वतःची सीटही गेली. या वेळी हरवलं काँग्रेसने नाही तर झेडपीएम नावाच्या नव्या पक्षाने, त्याचे नेते लालदुहोमा आता मुख्यमंत्री आहेत. हे लालदुहोमा कोण माहितीय? एकेकाळचे आयपीएस, इंदिरा गांधींच्या सुरक्षेत होते, आणि 1984 ला नोकरी सोडून राजकारणात आल्यावर लंडनला जाऊन लालडेंगांना बोलण्यांसाठी राजी करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी एक.

तो वहीवाला म्हातारा आता नाही. त्याचा नातू मला 2023 च्या निवडणुकीनंतर फोनवर म्हणाला की त्याने मत झेडपीएमला दिलं. मी वहीचं विचारलं, तर ती घरात आहे म्हणाला, आजोबांच्या बायबलबरोबर ठेवलीय.